दंडाचा गज एकच कसा?

नियम सैल झाला की व्यापाऱ्याला बरे वाटते. यात लाजण्यासारखे काही नाही. गुमास्ता परवाना, वजनमापाची तपासणी, पूर्वीचे जकात नाके आणि आताची जीएसटीची विवरणपत्रे यांत आमच्या धंद्यातील माणसाचे निम्मे आयुष्य जाते. त्यामुळे केंद्र सरकारने 2023 साली 'जनविश्वास' कायदा करून 42 कायद्यांतील अनेक कलमे सौम्य केली, बऱ्याच ठिकाणी तुरुंगाऐवजी दंड आणला, तेव्हा बाजारपेठेत त्याचे स्वागत झाले. कागदावरच्या किरकोळ चुकीसाठी दुकानदाराला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावू नयेत, हे आमचेही मत आहे.

परंतु त्या 42 कायद्यांच्या गाठोड्यात दोन थान वेगळ्या मालाचे आहेत. एक 1981 चा हवा प्रदूषण कायदा आणि दुसरा 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा. दुसरा कायदा भोपाळच्या वायुकांडानंतर झाला आणि तो मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. ती कैद आता गेली. त्या जागी किमान 10 हजार आणि कमाल 15 लाख रुपये दंड आला. चूक चालूच ठेवली तर पर्यावरण कायद्याखाली रोज आणखी 10 हजार. दंड भरलाच नाही तर मात्र तुरुंगाची तरतूद आहे; म्हणजे हवा बिघडवली तर नाही, पैसे बुडवले तर आहे.

आता हा हिशेब खापरखेड्यात बसून करून पाहू. येथील महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 1340 मेगावॅट आहे. 210 मेगावॅटचे चार संच आणि 500 चा एक. सगळे संच पूर्ण चालले तर तासाला 13 लाख 40 हजार युनिट वीज होते. युनिटला चार रुपये धरा, कमी-जास्त करून ज्याचा त्याने पडताळा घ्यावा. तासाला 53 लाखांहून अधिक रुपयांची वीज झाली. म्हणजे 15 लाखांचा कमाल दंड ही एवढ्या मोठ्या कारखान्याची सतरा मिनिटांची विक्री आहे. आणि रोजचे 10 हजार? सात सेकंदांची.

याच मापाने आपल्या ओळखीतला एखादा रंगारी मोजा. दोन भट्ट्या, चार कारागीर, उधारीवर घेतलेला रंग. त्याच्या भट्टीच्या धुरासाठी किंवा सांडपाण्यासाठी या कायद्याखाली दंड झाला तर कमाल आकडा तोच, 15 लाख. अधिकारी दया दाखवून दोन लाख करील, तरी त्याची भट्टी विझली. कापडाच्या दुकानात गरिबाला एक गज आणि श्रीमंताला दुसरा गज लावला तर गिऱ्हाईक आपल्याला बेइमान म्हणेल. येथे गज एकच आहे, पण रुमाल आणि शामियाना दोन्ही त्याच एका गजात बसवले आहेत, आणि परिणाम तोच होतो.

कोणी म्हणेल, जुन्या कायद्यातील कैद तरी कोणाला होत होती? प्रश्न रास्त आहे. मोठा साहेब प्रदूषणासाठी तुरुंगात गेला, असे आमच्या ऐकण्यात नाही. पण न वापरलेल्या कुलुपाचाही धाक असतो, हे ज्याने गोदाम ठेवले आहे त्याला सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या धुरातील गंधकासाठी सरकारने डिसेंबर 2015 मध्ये मर्यादा घातल्या. धुरातून गंधक काढणारे एफजीडी यंत्र त्यासाठी बसवायचे होते. दोन वर्षांची मुदत होती. ती 2022 पर्यंत गेली, मग 2021, 2022 आणि 2024 साली पुन्हा पुन्हा पुढे सरकली. शेवटी जुलै 2025 मध्ये देशातील सुमारे तीन चतुर्थांश क्षमतेला या मर्यादेतून सूटच मिळाली. मोठ्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आत असाल तर यंत्र, प्रदूषित ठरवलेल्या भागाजवळ असाल तर प्रकरण पाहून निर्णय, बाकीच्यांना माफी. आम्हाला सरकारी चलन भरायला एक दिवस उशीर झाला तर व्याज लागते. येथे दहा वर्षे उधारी चालली आणि अखेर वहीच फाडली. शिवाय शहरापासूनचे अंतर मोजून गंधक मोजण्याची ही पद्धत खेड्यातल्या छातीला कमी भाव देणारी आहे.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. भारतीय कोळशात गंधक कमी असते, यंत्रे महाग आहेत आणि त्यांचा बोजा वीजदरावर पडेल, असे सांगितले जाते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना युनिटमागे पंधरा-वीस पैसेसुद्धा जड आहेत, हे आम्ही जाणतो. खापरखेड्याची बाजारपेठही बरीचशी याच केंद्राच्या आणि कोळसा खाणींच्या पगारावर उभी आहे. वीज केंद्र बंद करा, असे म्हणणारा येथे मूर्ख ठरेल. पण स्वस्त विजेचा फरक कोणी तरी भरतोच. यंत्रमागवाला भरत नसेल तर दम्याचे औषध घेणारा भरतो, आणि त्याची पावती कुठल्याच खात्यात दिसत नाही.

राखेचेही तसेच. आपल्याकडच्या 100 टन कोळशामागे साधारण 30 ते 40 टन राख उरते. जुलै 2022 मध्ये शेजारच्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि गाळ शेतांतून, नाल्यांतून कोलार नदीपर्यंत गेला. कोलार कन्हानला मिळते, कन्हानचे पाणी नागपूर पिते. त्याच वर्षी फेब्रुवारीत खापरखेडा केंद्राची राख नांदगावच्या तलावात टाकण्याविरुद्ध गावकरी उभे राहिले आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी ते काम थांबवायला लावले. या राखेच्या बाबतीत मात्र सरकारने एक शहाणपणाचा नियम केला आहे. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेप्रमाणे ठरलेल्या काळात न वापरलेल्या राखेवर टनाला 1000 रुपये आकार लागतो. जेवढा माल, तेवढे मोल. हीच पद्धत धुराच्या दंडाला का लावत नाहीत?

राष्ट्रीय हरित लवादाकडे भरपाई मागता येते, हे खरे. पण महाराष्ट्रासाठीचे त्याचे पीठ पुण्याला. खापरखेड्याचा विणकर किंवा शेतकरी तेथवर वकील घेऊन किती वेळा जाणार?

आता भाषेचा मुद्दा, जो आम्हाला स्वतःला लागतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी बाजारात शिकलो. मार्च 2020 मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरण परवानगीचे नवे नियम मसुद्याच्या रूपाने आले. जनसुनावणीची 30 दिवसांची पूर्वसूचना 20 दिवसांवर आणणे आणि परवानगीशिवाय सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून परवानगी देणे, अशा गोष्टी त्यात होत्या. लोकांची मते मागवली, पण मसुदा इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी तो आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत देण्यास सांगितले, म्हणजे मराठीतही आणि उर्दूतही. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही लाखो हरकती पोहोचल्या आणि तो मसुदा पक्का झाला नाही. मागाहून परवानगीचा दरवाजा मात्र 2021 च्या एका परिपत्रकाने उघडा ठेवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 16 मे 2025 रोजी तो बंद केला आणि 18 नोव्हेंबर 2025 रोजी तोच निकाल दोन विरुद्ध एक मतांनी मागे घेतला.

म्हणून व्यापारी आणि कारागीर संघटनांनी एवढे तरी करावे. पर्यावरणाच्या नियमाचा मसुदा राजपत्रात आला की हरकतीसाठी साधारण 60 दिवस असतात. सभेत चर्चा करून फाइल बंद करण्यापेक्षा त्या मुदतीत संघटनेच्या लेटरहेडवर, आपल्या भाषेत, दोन मागण्या लिहून पाठवाव्यात: दंड कारखान्याच्या आकाराप्रमाणे असावा आणि मसुदा मराठी-उर्दूत मिळावा. जनसुनावणीत दुकान दोन तास बंद ठेवून उभे राहावे. कोराडीच्या दोन नव्या 660 मेगावॅट संचांची सुनावणी 29 मे 2023 रोजी, ऐन उन्हाळ्यात झाली होती. पुढची कधी लागेल ते पाहत राहावे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे, पोचपावती खातेवहीत लावावी आणि नक्कल दुकानात ठेवावी.