सोन्याचा पिंजरा

स्मृतिभ्रंश झालेल्या आजी केअर होममध्ये शांत बसून असतात. तक्रार नाही, भांडण नाही. मग दाराला कुलूप असलं तर बिघडलं कुठे?

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं: सतत पहारा असेल, बाहेर पडायची मोकळीक नसेल, तर माणूस खूश दिसला तरी ती बंदीच. पिंजरा सोन्याचा असला म्हणून काय झालं! इंग्लंड-वेल्समध्ये २००९ पासून अशा बंदीला त्रयस्थ तपासणी लागते, परवानगी जास्तीत जास्त वर्षभराची, आणि कोर्टात दादही मागता येते.

कागदपत्रं फार वाढतात म्हणे. वाढू देत! आपण मात्र 'मुलं प्रेमाने करतात ना' म्हणून मोकळे होतो. प्रेम हवंच, पण प्रेमालाही जाब विचारणारं कुणी हवं. उद्या माझ्यावर ती वेळ आली तर माझ्या वतीने विचारणारं कुणी असावं, एवढंच.