'थोडंसंच तर होतं!'

परवा लेकीच्या शाळेचा शेवटचा दिवस होता. दुसरी संपली. वर्गात पार्टी, प्रत्येकाने घरून डबा आणायचा आणि वाटून खायचं. कल्पना छानच. फक्त माझ्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि आपल्याकडे दाणे कशात नसतात ते सांगणंच सोपं. खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चिवड्यात अख्खे दाणे आणि वर हातावर चिक्की.

जूनमध्ये शाळेला सगळं लिहून दिलं होतं. डॉक्टरांचं पत्र, औषधांची पिशवी, कशात काय असतं त्याची यादी. वर्गाच्या बाईंनी सांभाळलंही, खोटं कशाला बोला. पण त्या मार्चमध्ये रजेवर गेल्या आणि माहितीही त्यांच्याबरोबर रजेवर गेली. आमच्या ऑफिसात हँडओव्हर न देता कोणी प्रोजेक्ट सोडला तर महिनाभर शिव्या खातो. इथे पत्र कपाटात आणि बदली बाईंनी प्रेमाने काकडीची कोशिंबीर वाढली.

ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, मग खोकला सुरू झाला. शाळेने काय केलं? पिशवीतलं सिरप पाजलं, बाकावर झोपवलं आणि मला फोन केला. अहो, ते सिरप खाज कमी करतं, आवळलेली श्वासनळी मोकळी करत नाही! ते काम ॲड्रेनलीनचं, मांडीच्या स्नायूत, लगेच. ते हॉस्पिटलात मिळालं. पोर आता ठणठणीत आहे.

आणि मग ते वाक्य, 'पण कूट थोडंसंच होतं हो!' च्यायला, ही काय तिखट-मिठाची चव आहे का? शरीर चमचे मोजत बसत नाही.

दुसरं वाक्य नातेवाइकांचं. 'आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं काही.' हे म्हणजे 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणणाऱ्या डेव्हलपरसारखं. तुमच्या वेळी एखादं पोर खाता खाता गेलं तर कशाने गेलं हे कोणी तपासलं होतं?

आता एक मात्र कबूल करतो. 'लहानपणीच खाऊ घातलं असतं तर?' म्हणणाऱ्या आज्या अगदीच चुकत नाहीत. २०१५ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, जास्त धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला लागल्यावर पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण खूप कमी दिसलं. पण ते ॲलर्जी होण्याआधीचं! झाल्यावर घरच्या घरी 'सवय लावणं' म्हणजे आगीशी खेळ.

पाकिटांवर शेंगदाण्याचा उल्लेख हवा असा आपल्याकडे नियम आहे. मान्य, पण शेजारच्या बाकावरच्या डब्याला लेबल कोण लावणार? तिथे माणसालाच माहीत असावं लागतं, आणि शिपाईमामांपासून बदली बाईंपर्यंत सगळ्यांना. परदेशात दाबलं की टोचलं जाणारं पेन असतं. इथे ते सहज मिळत नाही, म्हणून आम्ही अँप्यूल आणि सिरिंज देतो. ती मोडून, भरून, टोचायची कशी हे कोणाला तरी शिकवा, अशी मागणी मी तीनदा केली. 'आम्ही डॉक्टर नाही' हे उत्तरही तीनदा मिळालं. जूनमध्ये चौथ्यांदा विचारणार आहे, आणि या वेळी लेखी उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही.

निकालाच्या दिवशी शाळेने पिशवी परत दिली. सिरपची बाटली अर्धी रिकामी. अँप्यूल खोक्यात, न उघडलेली.