चाक काढावें कसें, बसवावें कसें

या सदरांतील गेल्या लेखानंतर एका भगिनीनें आम्हांस पत्रानें विचारलें आहे: "मोटार आतां घरोघर झाली. मुली ती चालवूं लागल्या. मग चाकांतील हवा गेली म्हणजे रस्त्याच्या कडेला उभें राहून परक्याची वाट पाहणें एवढेंच आमच्या हातीं कां असावें?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आमचीच एक फजिती सांगणें आम्हांस प्राप्त आहे. कारण ज्यानें चूक केली त्यानेंच ती सांगावी, हें बरें.

गेल्या वर्षीं नवरात्रांत मातुःश्रींना कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनाला न्यावयाचें ठरलें. कबनूरच्या घरून निघतांना पाहिलें तों पुढचें डावें चाक बसलेलें. घाई होती. आम्हीं स्टेपनी चढविली, चाक अधांतरीं असतांनाच नट ओळीनें एकामागून एक आवळले, जॅक काढला आणि निघालों. दहाबारा किलोमीटर गेलों असूं नसूं, तोंच मागून मातुःश्री म्हणाल्या, "अरे, गाडी थांबव. चाक बोलतंय."

आम्ही म्हणालों, "आई, रस्ताच खराब आहे."

"रस्ता खराब असता तर चारी चाकं बोलली असती. हें एकच बोलतंय. आमच्या माहेरच्या बैलगाडीचा आख झिजला कीं असाच आवाज यायचा."

वाद नको म्हणून थांबलों. उतरून पाहतों तों चार नटांपैकीं तीन बोटांनीं फिरत होते! आणखी थोडें अंतर जातों तर काय झालें असतें, याचा विचार आजही नकोसा वाटतो. पुस्तकी विद्या आमची. परंतु त्या दिवशीं प्राण वांचविले ते बैलगाडींत वाढलेल्या कानांनीं.

आतां हें झालें कसें तें पाहूं. चाक स्टडांवर टांगलेलें असतें, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः नट आवळल्यानें चाक हबच्या तोंडावर घट्ट दाबलें जातें, आणि त्या दाबापासून उत्पन्न होणारें घर्षण त्याला धरून ठेवतें. दाब कमी झाला कीं चाक किंचित् हालूं लागतें. तें हालणें स्टडांना वांकवितें आणि नटांना आणखी सैल करतें. नट ओळीनें आवळले तर चाक तिरपें बसतें. शेवटचा नट त्याला सरळ करतो. परंतु त्याच क्षणीं घट्ट वाटलेला पहिला नट ढिला पडतो. हबच्या तोंडावर गंज किंवा माती राहिली असेल तर चालतांना ती चुरते, आणि तेवढी पोकळी पडते. आमच्या हातून या दोन्ही चुका घडल्या होत्या.

म्हणून क्रम नीट ध्यानांत ठेवावा. गाडी सपाट, टणक जागीं उभी करावी, हँडब्रेक ओढावा, आणि जें चाक काढावयाचें त्याच्या तिरकस समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनीं दगड किंवा लांकडी ठोकळे लावावेत. आमच्या पंचगंगाकांठच्या काळ्या जमिनींत पावसाळ्यांत जॅक असा रुततो कीं कर्णाच्या रथाची आठवण व्हावी. यास्तव जॅकखालीं जाड फळी घालावी. गाडी उचलण्यापूर्वीं, चाक जमिनीवर असतांनाच, प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करून घ्यावा. अधांतरीं चाकावर जोर केला तर चाक फिरतें आणि गाडी जॅकवरून घसरण्याचा संभव असतो. कांहीं जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असत; तशी गाडी घरीं असेल तर पान्यावर जोर करण्यापूर्वीं पुस्तिका पाहावी.

जॅक पुस्तिकेंत दाखविलेल्या जागींच लावावा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं हात, पाय वा डोकें कदापि घालूं नये. घरीं काम करतांना लोखंडी घोडी लावावी. रस्त्यावर घोडी नसते. तेव्हां स्टेपनी गाडीच्या कडेखालीं आडवी सरकवून ठेवावी, आणि जुनें चाक निघालें कीं तें तिच्या जागीं ठेवून स्टेपनी चढवावी. जॅक ढळलाच तर गाडी त्या चाकावर टेकते, माणसावर नव्हे.

चाक निघाल्यावर हबचें तोंड व चाकाची आंतली बाजू तारेच्या ब्रशानें घांसून पुसावी. नट मोकळेपणें फिरावे म्हणून आट्यांना तेल लावण्याची पुष्कळांना खोड असते, ती सोडावी. तेलामुळें तेवढ्याच जोरांत नट अधिक आवळला जातो आणि स्टड ताणला जातो. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवावी. प्रथम सर्व नट हातानें, मग पान्यानें हलकेच, आणि गाडी जमिनीवर टेकल्यावर पुरत्या जोरानें, असे तीन वेळां आवळावे. चार नट असतील तर समोरासमोर, पांच असतील तर एकाआड एक, म्हणजे चांदणी काढल्यासारखे.

पुरता जोर म्हणजे किती? लहान मोटारींसाठीं हा आंकडा साधारणतः ८० ते ११० न्यूटन-मीटर असतो; आपल्या गाडीचा नेमका आंकडा पुस्तिकेंत पाहावा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोंकाला सुमारें १० किलोचा भार. पाना २५ सेंटिमीटरांचा असेल तर तोच भार सुमारें ४० किलो होतो. सत्तर किलोचा गृहस्थ त्यावर उभा राहिला तर जोर १७० न्यूटन-मीटरांच्या घरांत जातो! असा नट पुढें घरच्या माणसांना निघत नाहीं, आणि निघालाच तर कधीं स्टडासकट निघतो. लांब दांड्याचा पाना घ्यावा. मग साठ किलोच्या आंतली मुलगीही हें काम सहज करूं शकते. आणि ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर सर्व नट पुन्हां एकदां तपासावेत. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात.

आतां हबकडे वळूं. आपल्या बैलगाडीच्या चाकाला जो तुंबा, तोच मोटारीच्या चाकाला हब. तुंब्यांत वंगण घालीत. हबमध्यें बेअरिंग व ग्रीस असतें. अमेरिकेंत हेन्री टिमकेन यांनीं १८९८ सालीं निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट मिळविलें. असें बेअरिंग चाकाचा उभा भार सोसतें आणि वळणावरील आडवा दाबही सोसतें. आजच्या पुष्कळ गाड्यांत बेअरिंग बंद पेटीसारखें येतें. तें खराब झालें तर यंत्रावर दाबून बदलावें लागतें, आणि त्याचा मोठा नट फार जोरानें आवळावा लागतो. तें काम कारखान्याचें. घरीं करूं नये.

परंतु जुन्या गाड्यांच्या ज्या हबांत निमुळतीं बेअरिंगें असतात, तीं घरीं साफ करतां येतात. मागचा ड्रम काढावयाचा तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांचे ठोकळे दुप्पट काळजीनें लावावेत. वरची टोपी काढून स्प्लिट पिन सरळ करून ओढावी, खांचांचा नट सोडावा, आणि ड्रम दोन्ही हातांनीं पुढें ओढावा. अडला तर लांकडी हातोड्यानें कडेकडेनें ठोकावें. ब्रेकची धूळ फुंकूं नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें, आणि तें फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसावें. ड्रम बाहेर असतांना कोणीही ब्रेकच्या पायट्यावर पाय देऊं नये, नाहींतर आंतले पिस्टन बाहेर येतात. मुलांना तेवढा वेळ गाडींत बसूं देऊं नये, तें यासाठींच.

बेअरिंग डिझेलनें धुवून पूर्ण वाळवावें. रूळ निळसर पडला असेल वा त्यावर खड्डे दिसले तर बेअरिंग बदलावें. तळहातावर नवें ग्रीस घेऊन तें रुळांच्या फटींतून पलीकडे निघेपर्यंत दाबावें. अस्तरांना मात्र त्याचा डागही लागूं देऊं नये. बसवितांना चाक फिरवीत नट आवळावा, म्हणजे रूळ जागीं बसतात. मग तो सैल करून केवळ बोटांच्या जोरानें पुन्हां टेकवावा, आणि पुस्तिकेप्रमाणें खांच जुळवून नवी पिन घालावी. जुनी पिन पुन्हां वापरणें म्हणजे चार रुपयांसाठीं जीव गहाण ठेवणें होय.

"हीं कामें आपल्या घरचीं नव्हेत," असें म्हणणारे वडीलधारे आजही भेटतात. त्यांना आम्ही इतकेंच सांगूं कीं, लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेंत शिक्षक होते, आणि त्यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान चालविलें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्याच काळवंडलेल्या हातांवर. आमच्या शेजारच्या इचलकरंजींत विठ्ठलराव दातारांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आणला; त्या मागांची खडखड आज कबनूरच्या गल्लींतही ऐकूं येते. कीर्तनकार तर सांगतात कीं, दशरथाच्या रथाचा आंस मोडला तेव्हां कैकेयीनें त्यांत आपला हात घातला. तेव्हां चाकाशीं स्त्रियांचा संबंध नवा नव्हे, आणि आमच्या भगिनींनीं तो हात पान्यासह घालावा, एवढीच आमची सूचना आहे.

आमच्या घरीं या नवरात्रांत चाक आमच्या कन्येनें बदललें. मातुःश्री ओट्यावर बसून पाहत होत्या. निघतांना त्यांनीं नातीला एकच विचारलें, "जमिनीवर टेकल्यावर आवळलंस ना?" आणि वाटेंत हातकणंगल्यास थांबून तिनें नट पुन्हां तपासले, तेव्हांच त्या चहा घ्यावयास उतरल्या.