काल टँकर ‘हॅड कम’

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे की सदरकाराला व्हॉट्सअ‍ॅपवरची भांडणं आवडतात, फक्त ती दुसऱ्यांची असावीत. या आठवड्यात सोमाटण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी इंग्रजीत सूचना टाकली: ‘यस्टरडे टू टँकर्स हॅड कम. मीटिंग इज प्रीपोन्ड टू सिक्स.’ पाण्याचा प्रश्न मोठा होता, पण कसलं पाणी नि कसलं काय! हिंजवडीला नोकरी करणाऱ्या एका तरुणानं लिहिलं, ‘प्रीपोन असा शब्दच नाही.’ झालं. रात्री उशिरापर्यंत फोन टणटणत होते.

शब्द आहे. ऑक्सफर्डच्या कोशात आहे, आणि 1913 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या एका वाचकानं पत्र लिहून तो सुचवलाही होता. तो रुजला आणि फोफावला मात्र आपल्याकडे. पोस्टपोन चालतं तर प्रीपोननं काय घोडं मारलंय, हे सेक्रेटरींचं म्हणणं सदरकाराला बिनतोड वाटतं.

गंमत पुढेच आहे. पन्नासेक सुशिक्षित माणसं ‘प्रीपोन’वर तुटून पडली आणि शेजारचं ‘हॅड’ कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही. काल आले तर नुसतं ‘केम’. ‘हॅड कम’ केव्हा? मागच्याच काळात दुसरं काही घडायच्या आधी आले असतील, तर. ‘आम्ही मोटर लावली तोवर टँकर येऊन गेले होते’ असं सांगायचं असेल तर ‘हॅड’ हवं. पण सेक्रेटरींना तरी का दोष द्यावा? मराठीत ‘बाबा पुण्याला गेले’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, परत कधी येणार? ‘गेले होते’ म्हटलं की बाबा घरात चहा पीत बसलेले दिसतात. एवढी सोय मराठी माणूस इंग्रजीत शिरताना सोडील कशी? म्हणून तो ‘आय हॅड गॉन टू लोणावळा’ म्हणतो आणि चिक्कीचं पाकीट पुढे करतो.

‘सिन्स टू इयर्स’चंही तेच. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘जूनपासून’ या दोन्हींना आपल्याकडे एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रज पहिल्याला ‘फॉर’ लावतो, दुसऱ्याला ‘सिन्स’. शाळेत हे सगळ्यांनी घोकलेलं असतं. मार्कही मिळालेले असतात.

घोकण्यावरून आठवलं. ग्रुपवरच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी मध्येच फर्मान काढलं: सगळ्यांनी तर्खडकर वाचा! त्यावर तरुण मंडळींनी विचारलं, कोणत्या फ्लॅटमधले? मास्तर खवळले आणि तर्खडकरांचा जीवनपट लिहू लागले. त्यात त्यांनी दोन तर्खडकर एक केले. 1836 साली मराठीचं व्याकरण छापणारे ते दादोबा पांडुरंग. मराठी वाक्यांचं इंग्रजी करायला लावून पिढ्यान्‌पिढ्या घाम फोडणारी ‘भाषांतर पाठमाला’ द्वारकानाथ राघोबांची. सदरकारानं हे नम्रपणे कळवलं. मास्तरांनी अंगठा दाखवला, वर केलेला की कसला ते चष्म्याशिवाय कळलं नाही.

मग गाडी शाळांवर घसरली. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. मोरे याच पट्ट्यातले, चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, त्यामुळे बाजू घेणारे पुष्कळ निघाले. पाचवीवाले म्हणाले, आमचं व्याकरण पक्कं. पहिलीवाले म्हणाले, आम्ही निदान बोलतो तरी. सदरकाराचं मत पहिलीवाल्यांकडे झुकतं: चुकीचं ‘हॅड’ लावून बोलणारा टँकरवाल्याला फोन तरी करतो, बरोबर ‘हॅड’वाला वाक्य जुळवत बसतो.

मास्तरांनी आपली पाठमाला सोसायटीच्या वाचनालयाला द्यायचं कबूल केलंय. पानं सुटी झालीत, म्हणून ती आधी तळेगावात बाइंडिंगला जाईल. बाइंडिंगचा खर्च मेंटेनन्समधून करायचा का, यावर ग्रुपवर सध्या मतदान चालू आहे.