विश्लेषण : जुन्या पेन्शनचे बिल कोणाच्या नावावर फाटणार?

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशी घोषणा देत १४ मार्च २०२३ रोजी राज्यातील लाखो सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. संप सात दिवसांत मिटला. पैशांचा प्रश्न मात्र कायम आहे.

वाद काय?

जुन्या योजनेत अखेरच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन आणि त्यावर महागाईवाढ मिळते. त्यासाठी पगारातून कपात होत नाही. सारा भार तिजोरीवर असतो. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना (एनपीएस) लागू झाली. त्यात कर्मचारी १० आणि सरकार १४ टक्के रक्कम भरते. हाती किती येणार, हे बाजारावर ठरते.

कर्मचाऱ्यांचे म्हणणे काय?

एकाच कार्यालयात, एकाच कामासाठी २००४ मध्ये लागलेल्याला हमी आणि २००६ मध्ये लागलेल्याला नाही. ऐन निवृत्तीच्या वेळी बाजार कोसळला तर काय, ही भीतीही अनाठायी नाही.

सरकार का कचरते?

जुन्या योजनेने १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळात सांगितले होते. सर्व राज्ये जुन्या योजनेकडे वळल्यास खर्च ‘एनपीएस’च्या साडेचार पटींपर्यंत जाईल, असा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या २०२३ मधील अभ्यासात आहे.

खरी गोम कुठे?

जुनी योजना आणली की सरकारचा १४ टक्के हिस्सा लगेच वाचतो. बिल मात्र उशिरा येते. २००५ मध्ये पंचविशीत नोकरीला लागलेला कर्मचारी ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये निवृत्त होईल. निर्णयाचे श्रेय आजच्या सरकारला, भरणा तेव्हाच्या करदात्याला! तो आज वाटाघाटीत नसतो. वेतन, पेन्शन आणि व्याज टाळता येत नाही. त्यामुळे कात्री लागते ती रस्ते, सिंचन आणि शाळांना.

तोडगा निघाला का?

काही अंशी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना (यूपीएस) जाहीर केली आणि राज्य मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली. केंद्राच्या योजनेत २५ वर्षे सेवा झाल्यास अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शनची हमी आहे. कर्मचाऱ्याची १० टक्के कपात सुरूच राहते. सरकारचा वाटा १८.५ टक्के होतो. म्हणजे हमीसोबत निधीही आजच साठतो. तो कमी पडला, तर फरक पुन्हा तिजोरीतूनच भरावा लागेल. म्हणूनच पेन्शनचे पुढील २०-२५ वर्षांचे देणे किती, हे दर अर्थसंकल्पात मांडले जाते का, यावर करदात्यांनी लक्ष ठेवायला हवे.