जुनी इनबोर्ड बोट घेताना : चकाकीला नव्हे, सांगाड्याला पैसे द्या

कोकण किनाऱ्यावर जलक्रीडेचा धंदा आता चांगलाच रुळला आहे. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, अलिबाग, काशीद येथे सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांची रांग लागते आणि बनाना राइड, पॅरासेलिंग यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. आता याच पंक्तीत वेकबोर्डिंगचे नाव घेतले जाऊ लागले आहे. दोन्ही पाय एका फळीला बांधून, बोटीमागे दोरीला धरून, बोटीने उठवलेल्या लाटेवर उड्या मारण्याचा हा खेळ १९८० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आला. आपल्या छत्रपती संभाजीनगरमध्ये (औरंगाबाद) समुद्र नाही, पण इंजिनाची जाण आहे. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांनी आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या गॅरेजांनी येथे दोन पिढ्या कारागीर घडवले. चार मित्रांनी पैसे एकत्र करावेत, एखादी जुनी बोट स्वस्तात घ्यावी, स्वतःच दुरुस्त करावी आणि किनाऱ्यावर धंदा मांडावा, हा विचार अशा तरुणांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो वाईटही नाही. मात्र बोटीचे इंजिन म्हणजे पाण्यावर ठेवलेले गाडीचे इंजिन, या समजुतीने जो व्यवहार करील तो पैसा घालवील आणि कदाचित कोणाचा जीवही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या खेळाला इनबोर्ड बोट का लागते, हे प्रथम समजून घ्यावे. आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक खेळाच्या बोटी आउटबोर्ड आहेत, म्हणजे इंजिन मागच्या फळीला टांगलेले आणि पंखा बोटीच्याही मागे. इनबोर्डमध्ये इंजिन बोटीच्या पोटात असते, शाफ्ट तळातून बाहेर जातो आणि पंखा बोटीच्या खाली राहतो. पाण्यात पडलेल्या खेळाडूपासून पंखा दूर राहतो, हा पहिला फायदा. इंजिनाच्या वजनाने बोट पाण्यात नीट बसते व मागे लाट स्वच्छ उठते, हा दुसरा. ताशी ३० ते ३५ किलोमीटरच्या वेगाने ओढायचे असते, त्यामुळे तुफान वेगाची गरज नसते, जोराची असते. नव्या बोटीचा विचार सामान्य माणसाने सोडलेलाच बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या फेररचनेत मौजेच्या व खेळाच्या बोटी ४० टक्क्यांच्या गटात गेल्या आहेत. तेव्हा जुनी बोट घेणे यात कमीपणा नाही. माझ्या मते तोच शहाणपणाचा मार्ग आहे. प्रश्न आहे तो निवडीच्या क्रमाचा. बहुतेक लोक इंजिनाचा आवाज ऐकून सुरुवात करतात आणि कागद शेवटी पाहतात. क्रम याच्या उलट हवा. आधी पाणी, मग कागद, मग सांगाडा, मग थंड करण्याची व्यवस्था आणि सर्वांत शेवटी इंजिन.

पाणी म्हणजे बोट चालवणार कोठे? आपल्या माणसाच्या मनात पहिले नाव येते ते पैठणच्या नाथसागराचे. एवढे अफाट पाणी हाकेच्या अंतरावर असताना पाचशेहून अधिक किलोमीटरवरचे मालवण कशाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि आपल्या शहराचे पिण्याचे पाणीही तेथूनच येते. तेथे पेट्रोलवर धावणारी ओढबोट चालवण्याचे स्वप्न पाहून कोणी आगाऊ रक्कम देऊ नये. किनाऱ्यावर जायचे तर मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असते. म्हणजे वर्षातील तीन महिने बोट उभी राहणार, आणि उभे राहणे हे इंजिनाला चालण्यापेक्षा जास्त मारक असते. ज्या पाण्याची परवानगी लेखी मिळण्यासारखी नाही, त्या पाण्यासाठी बोट घेऊ नये, हा पहिला नियम.

दुसरी गोष्ट कागदांची. नदी, खाडी, जलाशय अशा अंतर्देशीय पाण्यावर यांत्रिक बोट चालवायची तर अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी, तपासणी आणि विमा यांची सोय करावी लागते. किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. विकणाऱ्याच्या नावावर नोंदणी आहे काय, बोटीवर कर्जाचा बोजा आहे काय, हे पाहिल्याशिवाय रुपयाही देऊ नये. अमेरिकेत बनलेल्या बोटीच्या मागच्या फळीवर, उजव्या बाजूला वर, १२ अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. १९८४ नंतरच्या बोटींत त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. विकणारा २००५ ची म्हणतो आणि शेवटी ९४ दिसते, तर तेथेच नमस्कार करावा. क्रमांक खरवडलेला असेल तर बोट कितीही स्वस्त असो, ती महागच आहे.

तिसरा व माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगाड्याचा. फायबरच्या बोटीच्या तळात लांबीच्या दिशेने मजबूत पट्ट्या असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. इंजिन त्यांवरच बसवलेले असते. १९८० च्या दशकातील आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या अनेक बोटींत या पट्ट्या लाकडाच्या असून वरून फायबर चढवलेले आहे. कोठेतरी भोक पडते, पाणी आत झिरपते आणि लाकूड वरून न दिसता आतून कुजते. बाहेरून पॉलिश केलेली, नव्या गाद्यांची बोट आतून भुसा झालेली असू शकते. तपासण्याची रीत सोपी आहे. लहान हातोडीच्या लाकडी दांड्याने पट्टीवर ठोकत जावे. सुदृढ जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द. इंजिन ज्या बोल्टांनी पट्टीला आवळलेले आहे ते पान्याने हळूच आवळून पाहावेत. बोल्ट आवळला न जाता नुसताच फिरत राहिला, तर आत लाकूड उरलेले नाही. इंजिन बदलता येते, गाद्या शिवता येतात. पण स्ट्रिंगर बदलायचे तर अख्खी बोट उकलावी लागते. हा खर्च जुन्या बोटीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो.

चौथी गोष्ट इंजिन थंड ठेवण्याची. आपल्या विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन आठवा. उपसलेल्या पाण्याचाच थोडा भाग इंजिनातून फिरून बाहेर पडे, रेडिएटर नसे. बहुतेक जुन्या ओढबोटींचे तसेच आहे. खालचे पाणी आत ओढायचे, इंजिनातून फिरवायचे आणि धुराबरोबर बाहेर टाकायचे. या बोटी प्रामुख्याने अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या तलावांसाठी बनल्या. तेच इंजिन समुद्रावर चालवले की खारे पाणी थेट त्याच्या पोटात फिरते आणि लोखंड आतून खाते. सर्वांत आधी मॅनिफोल्ड जातात. खाऱ्या पाण्यात ते काही वर्षांत बदलावेच लागतात. आखाती देशांत आपले पुष्कळ बांधव आहेत आणि तेथून जुनी बोट मागवण्याची कल्पना अनेकांना सुचते. त्यांनी लक्षात ठेवावे की आखाताचे पाणी इतर समुद्रांहून अधिक खारे आहे. शिवाय सीमाशुल्क, जीएसटी, भाडे आणि जुन्या मालाच्या आयातीचे नियम हे सर्व कस्टम एजंटाकडून आधी लेखी समजून घ्यावे. समुद्रावर धंदा करायचा तर इंजिनात वेगळे गोडे पाणी फिरवणारी बंद शीतनव्यवस्था असलेलीच बोट घ्यावी. पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी इम्पेलर दर हंगामाला बदलावा. तो कोरडा फिरला तर पाहता पाहता जळतो आणि मागोमाग इंजिनही.

आता इंजिन. जुन्या ओढबोटींत बहुधा जनरल मोटर्सचे ५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असते. गाड्यांतील याच इंजिनाला समुद्री रूप दिलेले. म्हणून आपला मिस्त्री म्हणतो, ‘हे तर मला येते.’ अर्धे खरे आहे. कॉम्प्रेशन मोजणे, तेलात पाणी आहे काय पाहणे, गिअरचे तेल जळकट आहे काय हुंगणे, ही कामे तो उत्तम करील. सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक दिसला तर किंमत पाडावी अथवा सौदा सोडावा. तासांच्या मीटरवर फारसा विश्वास नको, तो बदलता येतो. शाफ्ट जेथे तळातून बाहेर पडतो तेथील ग्लँड शेतीच्या पंपासारखीच असते; चालताना थेंब-थेंब गळणे ठीक, धार नको.

पण उरलेले अर्धे फार महत्त्वाचे आहे. मोटारीत पेट्रोलची वाफ खालून वाऱ्यावर निघून जाते. बोटीत ती हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहते. म्हणूनच बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर हे ठिणगी बाहेर न पडू देणारे, वेगळे बनवलेले असतात. बाजारात गाडीचा अल्टरनेटर निम्म्या किमतीत मिळतो, बसतोही आणि चालतोही, ज्या दिवशी वाफ साचलेली असते त्या दिवसापर्यंत. शिवाय यांतील काही इंजिने गाडीच्या उलट दिशेने फिरतात, त्यांना गाडीचे सुटे भाग चालतच नाहीत. सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर चालवणे आणि धुराच्या विषारी वायूमुळे चालू बोटीच्या मागच्या फळीवर कोणालाही बसू न देणे, हे नियम धंद्याच्या घाईत मोडले जातात. जुनी बोट विकत घेताना पूर्वीच्या मालकाने कोठे असे स्वस्त भाग बसवले आहेत, हे आधी शोधावे.

प्रकाराची निवडही विचारपूर्वक करावी. मधोमध इंजिन असलेल्या जुन्या बोटी वॉटर स्कीसाठी बनल्या, त्यांची लाट मुद्दाम लहान ठेवलेली आहे. मागे इंजिन असलेल्या, व्ही-ड्राइव्ह म्हटल्या जाणाऱ्या बोटींची लाट मोठी, पण किंमतही मोठी. आपल्याकडे येणारा पर्यटक बहुधा पहिल्यांदाच फळीवर उभा राहणार. त्याला लहान लाटच सोयीची. तेव्हा शिकवण्याच्या धंद्याला साधी, मधोमध इंजिनाची बोट पुरते. लाट वाढवण्यासाठी पाण्याच्या पिशव्या भरून बोट दडपणे मात्र टाळावे. जुन्या बोटींचे काठ कमी उंचीचे असतात, वजन वाढले की पुढून पाणी आत येते. नंतर बसवलेल्या ओढखांबाखाली डेकच्या आतून धातूची पट्टी दिली आहे काय, हेही पाहावे.

चाचणी पाण्यातच घ्यावी. ट्रेलरवर पाण्याची नळी लावून चालवून दाखवलेले इंजिन म्हणजे चाचणी नव्हे. पण ती मोकळ्या पाण्यात, प्रवासी वाहतुकीपासून दूर घ्यावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान नौका इंजिनाच्या चाचणीदरम्यान ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. पाण्यावर चूक सुधारायला रस्त्याची कड नसते.

शेवटी हिशेब. असे इंजिन ओढताना तासाला १५ ते २० लिटर पेट्रोल पिते. लिटरला १०५ रुपये धरले तर पंधरा मिनिटांच्या फेरीला चारशे ते सव्वापाचशे रुपये नुसते इंधन. त्यावर चालक, विमा, दुरुस्ती, जेटीचे भाडे आणि तीन बंद महिने. यासाठी माझी सूचना अशी की, जमवलेल्या भांडवलाच्या दोन तृतीयांशापेक्षा अधिक रकमेची बोट घेऊ नये. उरलेला तिसरा हिस्सा पहिल्याच हंगामात लागेल. भागीदारी तोंडी न ठेवता कागदावर आणावी; दुरुस्तीचा खर्च कोणी किती उचलायचा आणि बोट बुडीत गेली तर काय, हे मैत्री शाबूत असतानाच लिहून घ्यावे. घरातील दागिने गहाण ठेवून तर हा धंदा मुळीच करू नये.

आपल्या कारागिरांच्या हातात कसब आहे, त्याबद्दल शंका नाही. त्यांनी त्यात दोन गोष्टींची भर घालावी. किनाऱ्यावर एक हंगाम एखाद्या अनुभवी तांडेलाबरोबर काढावा, आणि ठोकून, आवळून, हुंगून पाहिल्याशिवाय सौद्याला हात घालू नये. चांगल्या सांगाड्याची, रंग उडालेली, साध्या इंजिनाची बोट मिळाली तर ती घ्यावी. चकचकीत बोट आणि घाई करणारा मालक एकत्र भेटले तर गाडी परत शहराकडे वळवावी. भांडवल हाती राहिले की बोट पुढच्या हंगामातही मिळते.