एक खुर्ची

मोठ्या कंपनीचे मालक म्हणजे तिचे भागधारक. ते हजारोंच्या संख्येने असतात आणि गावोगाव विखुरलेले असतात. सर्वांनी मिळून कारभार पाहणे अशक्य. म्हणून ते संचालक निवडतात. कारखाना कोठे काढावा, कर्ज किती घ्यावे, व्यवस्थापक कोणास नेमावे, हे सारे प्रश्न संचालक मंडळाच्या मेजाभोवती सुटतात. त्या निर्णयांवर असंख्य घरांच्या चुली अवलंबून असतात. परंतु त्या मेजाभोवती पिढ्यान् पिढ्या बहुधा पुरुषच बसत आले.

नॉर्वे या लहानशा देशाने ही रूढी प्रथम मोडली. सन २००३ मध्ये तेथील संसदेने कायदा केला की, मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळांत स्त्री व पुरुष यांपैकी कोणाचेही प्रमाण साधारणतः शेकडा चाळीसाहून कमी असू नये. कायद्याची भाषा दोघांनाही सारखीच लागू होती, हे खरे. पुरुषांना तिचा आधार घेण्याचे कारण मात्र नव्हते! ही कल्पना पुढे मांडणारे आन्सगर गाब्रिएल्सेन हे कोणी क्रांतिकारक नव्हते. ते पुराणमतवादी पक्षाचे उद्योगमंत्री होते. कायदा न पाळणारी कंपनी विसर्जित करण्याची तरतूदही त्यात होती. “इतक्या लायक स्त्रिया आणावयाच्या कोठून?” असा आक्षेप त्या वेळी घेण्यात आला. पुढे उद्योजकांच्या संघटनेनेच स्त्रियांसाठी प्रशिक्षणवर्ग काढले, आणि २००८ पर्यंत ठरलेले प्रमाण गाठले गेले.

लायकीचा हा आक्षेप आजही ऐकू येतो. वस्तुतः पूर्वी संचालक निवडताना स्नेहसंबंध, नातेगोते आणि ओळखीपाळखी यांचा विचार थोडा का होत असे? तेव्हा लायकीची एवढी काटेकोर चौकशी कोणी केली नाही. स्त्रीचे नाव निघताच ती सुरू व्हावी, हे न्यायाचे नव्हे.

भारताने २०१३ च्या कंपनी कायद्यात शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना व इतर काही मोठ्या कंपन्यांना निदान एक स्त्री संचालक नेमणे बंधनकारक केले. तेव्हा कित्येक मालकांनी पत्नीला, मुलीला अथवा सुनेला खुर्चीवर बसविले! कायद्याचे शब्द पाळले गेले. हेतू बाजूला राहिला. म्हणून ‘सेबी’ने पहिल्या पाचशे कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या हजार कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून, कंपनीशी हितसंबंध नसलेली स्वतंत्र स्त्री संचालक नेमण्यास भाग पाडले. हे योग्यच झाले. तथापि एकटीच स्त्री सभेत बसली, म्हणजे तिचे मत ‘बायकांचे मत’ ठरते. तिघी-चौघी असल्या, म्हणजे ते एका संचालकाचे मत ठरते.

गावच्या कारभारात हे आपल्याला केव्हाच उमगले आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. प्रारंभी पुष्कळ ठिकाणी सही बाईची व सत्ता नवऱ्याची असा प्रकार चाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण म्हणून जागा कमी कराव्यात, असे कोणी ठरविले नाही. उलट त्या वाढविल्या. कंपन्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता राहिला आहे. भागधारकांचा विशेष ठराव नसतानाही संचालकांची संख्या पंधरापर्यंत जाऊ शकते. आणि त्या पंधरांत एकच स्त्री असली, तरी कायद्याचे समाधान होते.